आपला तो बाब्या: गेमर्समधली गटबाजी आणि कंपन्यांवरची निष्ठा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगलीत मी छोटा गेमिंग कॅफे चालवतो. आठ पीसी, सोनीची दोन प्लेस्टेशन आणि धूळ खात पडलेला मायक्रोसॉफ्टचा एक एक्सबॉक्स (टीव्हीला जोडायच्या अशा गेमिंग मशीनला कन्सोल म्हणतात). काउंटरवर, व्हॉट्सॲपवर आणि पोरांना शोधत आलेल्या पालकांकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. फॅन आणि टोळीवाला यांत फरक तो काय?

फॅन गेमबद्दल बोलतो, टोळीवाला गेम खेळणाऱ्यांबद्दल. ‘गॉड ऑफ वॉरमध्ये फेकलेली कुऱ्हाड परत हातात येते तेव्हा रिमोट कसा थाडकन हलतो’ असं कोणी हातवारे करून सांगायला लागला की समजावं, हा फॅन. ‘एक्सबॉक्सवाल्यांना काय कळतंय गेममधलं’ हे टोळीचं वाक्य. ही दोन्ही वाक्यं मी एकाच पोराच्या तोंडून दहा मिनिटांच्या अंतराने ऐकली आहेत, त्यामुळे माणसांचे असे दोन कप्पे करू नयेत.

(कंट्रोलरला आमच्याकडे रिमोटच म्हणतात. सुधारायचा नाद मी केव्हाच सोडला.)

२. हे भांडण सुरू कुठून झालं? प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सपासूनच ना?

नाही, बरंच आधीपासून. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये घरी झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटर असलेली पोरं आणि कमोडोर ६४ कॉम्प्युटर असलेली पोरं शाळेच्या मैदानात एकमेकांची उणीदुणी काढत. पण ज्याला आज कन्सोल वॉर म्हणतात त्याचा साचा अमेरिकेत सेगा आणि निन्टेन्डो या दोन जपानी गेम कंपन्यांत पडला.

अमेरिकेचं मार्केट तेव्हा निन्टेन्डोच्या मुठीत होतं. सेगाने १९८९मध्ये १६ बिटचं जेनेसिस नावाचं मशीन तिथे उतरवलं आणि जाहिरातीत थेट नाव घेऊन डिवचलं. निन्टेन्डोच्या नावातच ‘डोन्ट’ घुसवून घोषणा केली, की जेनेसिस जे करतं ते यांना जमत नाही. १९९०मध्ये टॉम कलिन्स्की सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख झाले. त्यांनी मशीनची किंमत उतरवली आणि १९९१मध्ये डब्यात सॉनिक हा गेम फुकट दिला. निन्टेन्डोचा मारिओ म्हणजे धाकट्या भावाचा गेम आणि सॉनिक म्हणजे आपला, ही भावना पोरांच्या मनात पद्धतशीर पेरली गेली. ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ नावाचा भारदस्त शब्दही याच जाहिरातींतला. त्यामागे एक तांत्रिक करामत होती खरी, पण गेममध्ये तिचा जवळजवळ उपयोगच झाला नाही. तरी मैदानात वाद घालणाऱ्या पोराला एक हत्यार मिळालं.

मग १९९३च्या सप्टेंबरमध्ये मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम दोन्ही मशीनवर आला. निन्टेन्डोने रक्त काढून टाकलं, त्या जागी राखाडी घामाचे थेंब उडायचे. सेगाच्या मशीनवर बटणांचा एक कोड टाकला की लालभडक रक्त. सेगाची आवृत्ती जास्त खपली. डिसेंबरमध्ये अमेरिकन सिनेटसमोर गेममधल्या हिंसेची सुनावणी झाली, तर तिथेही दोन्ही कंपन्यांचे अधिकारी सिनेटर्सना उत्तरं देता देता एकमेकांवरच घसरले. वयाने मोठे, सुटाबुटातले, पण भांडण तेच मैदानातलं.

आपल्याकडे ही लढाई आलीच नाही. आपल्याकडे निन्टेन्डोच्या ८ बिट मशीनच्या नकला होत्या. कॅसेट फुंकायची, दाबून बसवायची आणि दोघांनी मिळून काँट्रा खेळायचा. मशीन मुळात कोणत्या कंपनीचं, हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. निष्ठा असलीच तर ज्याच्या घरी मशीन होतं त्याच्या आईवर.

३. एकदा मशीन घेतलं की माणूस कंपनीचा फुकटचा वकील का होतो?

कारण तो कंपनीची बाजू मांडत नसतो, स्वतःच्या खर्चाची मांडत असतो. १९५६मध्ये जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. काही स्त्रियांना टोस्टरसारख्या घरगुती वस्तू दाखवून प्रत्येकीला गुण द्यायला सांगितले. मग जवळपास सारख्याच आवडलेल्या दोन वस्तूंपैकी एक भेट म्हणून निवडायला लावली. थोड्या वेळाने पुन्हा गुण विचारले, तर निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि सोडलेलीचे घटले होते. वस्तू त्याच, अजून वापरल्याही नव्हत्या. निवड तेवढी झाली होती.

आता हेच आपल्याकडे आणा. पीएस ५, म्हणजे प्लेस्टेशन ५, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला, ४९,९९० रुपयांना. त्याआधी १० नोव्हेंबर २०२०ला एक्सबॉक्स सिरीज एक्स आला होता, तोही ४९,९९०लाच. आमच्याकडे येणारा एक पोरगा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याने चौदा महिने पैसे साठवून पीएस ५ घेतला. बॉक्स घरी नेण्याआधी कॅफेत आणला, काउंटरवर ठेवला आणि वरच्या प्लॅस्टिकला कोणाला हात लावू दिला नाही. त्याला कोणी म्हणालं, ‘एक्सबॉक्स घ्यायचा ना, गेमपासच्या वर्गणीत शेकडो गेम मिळतात’, तर त्याला ऐकू येतं, ‘तुझे चौदा महिने वाया गेले’. तो भांडणारच. मी त्याच्या जागी असतो तर मीही भांडलो असतो.

यात अजून एक गाठ आहे. डिजिटल गेम एका कंपनीच्या खात्यावर घेतले की दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर नेता येत नाहीत. पाच वर्षांत पंचवीस गेम साठले की बाजू बदलणं म्हणजे ते सगळे मागे ठेवून जाणं. बाहेरून जी निष्ठा दिसते त्यातला बराचसा भाग हा अडकलेला पैसा असतो.

आणि मशीन खराब निघालं तर? तरीही. एक्सबॉक्स ३६०ची मशीन तीन लाल दिवे लावून इतक्या संख्येने बंद पडली, की २००७मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. त्या काळात लोक दुरुस्त होऊन आलेलं मशीन पुन्हा जोडत आणि पुन्हा त्याच्याच बाजूने वाद घालत.

४. पण बीजीएमआय आणि फ्री फायर हे मोबाईल गेम तर फुकट आहेत. मग त्यावरून मारामारी कशाला?

पैशाचं कारण (प्रश्न ३) इथे पुरत नाही, बरोबर आहे. गट पडायला कारण लागतच नाही, हे हेन्री टायफेल यांनी १९७०च्या सुमारास दाखवून दिलं. ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना सांगण्यात आलं, की तुम्हाला पॉल क्लेची चित्रं आवडतात की कँडिन्स्कीची यावरून तुमचे दोन गट केलेत. खरं तर गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग त्यांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं, तरी मुलांनी आपल्या गटाला जास्त दिलं. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा ठळक जास्त मिळायला हवं, याकडे त्यांचा कल होता.

दोन चित्रकारांवरून हे होत असेल तर स्किन (पात्राचा पोशाख), रँक आणि क्लॅनचं (खेळाडूंच्या टोळीचं) नाव असलेल्या गेमवरून काय होईल ते सांगायला नको. शिवाय फुकट म्हणजे नावाला. यूसी आणि डायमंड या गेममधल्या चलनांवर किती पैसे गेले ते पोरं घरी सांगत नाहीत, एवढंच.

५. पब्जी बंद झाल्यावर फ्री फायरवाले एवढे खूश का झाले होते?

कारण तोपर्यंत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. ‘फ्री फायर म्हणजे गरिबांचा पब्जी’ हे वाक्य कॅफेत रोज यायचं. त्यात गेमबद्दल काहीच नाही, फोनच्या किमतीबद्दल आहे. पब्जीत शंभर खेळाडू, मॅच अर्ध्या तासाची आणि फोन बरा लागतो. फ्री फायर बनवलाच साध्या फोनसाठी: पन्नास खेळाडू, दहाएक मिनिटांची मॅच. ज्याच्याकडे वडिलांचा जुना फोन, तो आपोआप फ्री फायरवाला. आवडीने बाजू निवडलेले थोडे, बाकीच्यांची रॅमने निवडली.

२ सप्टेंबर २०२०ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता. त्या संध्याकाळी आमच्या दारात एका पोराने पेढे वाटले. नंतर जुलै २०२१मध्ये पब्जीवाल्या क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय, म्हणजे पब्जीचीच भारतीय आवृत्ती, आणला. फेब्रुवारी २०२२मध्ये ५४ ॲपवर बंदी आली आणि त्यात फ्री फायर गेला, फ्री फायर मॅक्स मात्र राहिला. पेढ्यांची परतफेड झाली. मग जुलै २०२२च्या अखेरीस बीजीएमआयही स्टोअरवरून काढला गेला, तो मे २०२३मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत मात्र कोणी काही वाटलं नाही. दोन्हीकडची पोरं पीसीवर व्हॅलोरंट शिकत होती, एकाच रांगेत बसून.

६. कंपन्या हे भांडण मुद्दाम लावतात का?

लावतात, आणि फुकटात प्रचार मिळवतात. प्रश्न २मधली सेगाची जाहिरात हा जुना नमुना. नवा नमुना जून २०१३चा. एक्सबॉक्स वनसाठी मायक्रोसॉफ्टने नियम जाहीर केले होते: मशीनने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची आणि जुन्या डिस्कच्या खरेदी-विक्रीवर बंधनं. किंमत ४९९ डॉलर. ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात सोनीने पीएस ४ची किंमत ३९९ सांगितली, जुन्या डिस्क बिनधास्त चालतील असं सांगितलं आणि एक अगदी छोटा व्हिडिओ टाकला. प्लेस्टेशनवर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एका अधिकाऱ्याने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली. संपला व्हिडिओ. जुन्या डिस्कची घोषणा होताच सभागृह टाळ्यांनी दणाणलं होतं, आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले.

याच कार्यक्रमात एक वाक्य हळूच निघून गेलं. पीएस ३वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, पीएस ४वर त्यासाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागणार होती. टाळ्यांच्या गडबडीत त्याची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते गटबाजीची खरी किंमत ती हीच. समोरचा पडला याच्या आनंदात आपल्या खिशातून काय गेलं ते कळत नाही. ‘आपला तो बाब्या’ म्हणताना बाब्या काय काय करतो तेही बघावं.

७. ‘एक्सक्लुझिव’ गेम आता समोरच्याकडे का जायला लागलेत? ही फसवणूक नाही का?

एका मशीनपुरता गेम ठेवला की मशीन खपतं, हे जुनं गणित. पण मोठे गेम बनवायचा खर्च इतका वाढला, की तो एका मशीनच्या ग्राहकांकडून वसूल होईना. सोनीने २०२०मध्ये होरायझन झीरो डॉन आणि २०२२मध्ये गॉड ऑफ वॉर पीसीवर आणले. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२४मध्ये चार गेम दुसऱ्या कन्सोलवर द्यायचं ठरवलं, सी ऑफ थीव्ह्ज त्यातलाच. २०२५मध्ये फोर्झा होरायझन ५ पीएस ५वर आला आणि त्याच वर्षी सोनीचा हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर गेला.

फसवणूक म्हणणार नाही, कारण ‘हा गेम कायम आमच्याकडेच राहील’ असं सहसा कोणी लिहून दिलेलं नसतं. पण चिडणाऱ्यांचं दुःख मला कळतं. ज्या गेमसाठी मशीन घेतलं तो शेजाऱ्याच्या मशीनवर चालायला लागला, याने आपला गेम काही वाईट होत नाही. गेला तो फक्त तोरा.

८. समीक्षकाने दहापैकी नऊ दिले तरी लोक शिव्या का घालतात?

गुण वाचणाऱ्याला तो स्वतःचा निकाल वाटतो म्हणून. २००६मध्ये गेमस्पॉट या वेबसाइटवर जेफ गर्स्टमन यांनी निन्टेन्डोच्या झेल्डा मालिकेतल्या ट्वायलाइट प्रिन्सेस या गेमला ८.८ दिले. पैकीच्या पैकी अपेक्षा करणाऱ्या चाहत्यांचा इतका संताप झाला, की ‘८.८’ हा आकडाच पुढे विनोद बनला. बहुतेकांनी तो गेम तेव्हा खेळलेलाही नव्हता. दहावीला ८८ टक्के पडलेल्या पोराच्या घरचं वातावरण आठवा, लगेच समजेल.

९. रिव्ह्यू बॉम्बिंग (झुंडीने एखाद्या गेमला वाईट गुण देणं) नेहमीच चुकीचं असतं का?

इथे सरसकट हो म्हणणं मला पटत नाही. दोन उदाहरणं शेजारी ठेवतो.

द लास्ट ऑफ अस पार्ट २ हा गेम १९ जून २०२०ला आला. पूर्ण करायला वीस-पंचवीस तास लागतात. काही तासांतच मेटाक्रिटिक या गुण गोळा करणाऱ्या वेबसाइटवर शून्य गुणांचा पाऊस पडला. गेम संपवून रागावलेले त्यात किती असतील? पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला, की गेम आल्यावर ३६ तास वाचकांनी गुण द्यायचे नाहीत.

दुसरं, हेलडायव्हर्स २. मे २०२४मध्ये सोनीने पीसीवरच्या खेळाडूंना प्लेस्टेशन खातं जोडणं सक्तीचं करायचं जाहीर केलं. शंभराहून जास्त देशांत असं खातं उघडायची सोयच नव्हती, आणि तिथल्या लोकांना गेम आधीच विकलेला होता. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू आले. काही दिवसांत सोनी मागे हटली. स्टीमवर गेम घेतलेल्यालाच रिव्ह्यू लिहिता येतो आणि तो किती तास खेळला हेही शेजारी दिसतं. म्हणजे बोलणारे खरंच गिऱ्हाईक होते, मागणी एकच होती, आणि सोय असलेल्या देशांतल्या अनेकांनी नसलेल्यांसाठी लिहिलं होतं.

माझी कसोटी साधी आहे: विकत घेतलंय का, खेळलाय का, आणि नेमकं काय बदलायला हवं ते लिहिलंय का. तिन्ही असतील तर ती तक्रार. नसतील तर दुसऱ्याच्या दुकानावर दगड.

१०. ई-स्पोर्ट्समध्ये (गेमच्या स्पर्धांमध्ये) खेळाडूने टीम बदलली तर निष्ठा कोणाशी ठेवायची?

फुटबॉलमध्ये क्लब आधी, खेळाडू नंतर. आपल्या बीजीएमआयमध्ये उलटं आहे, कारण पोरं टीमचं नाव ऐकण्याआधी खेळाडूची लाइव्ह स्ट्रीम महिनोन्‌महिने बघत असतात. जोनाथन अमराल २०२१मध्ये टीएसएम या टीममधून गॉडलाइकमध्ये गेला, तेव्हा आमच्या कॅफेतल्या पोरांचे डीपीसुद्धा त्याच्याबरोबर गेले. सोल या टीमची फौज थोडी वेगळी, तिथे बरेच जण नमन माथूर म्हणजे मॉर्टल या खेळाडूमुळे आले आणि लाइनअप किती वेळा बदलली तरी टिकले.

गद्दार वगैरे शब्द वापरू नका. खेळाडूचं ते करिअर आहे, आणि ते फार लहान असतं.

११. अहो, माझा मुलगा गेमवरून रोज ऑनलाइन भांडतो. काळजी कधी करायची?

चिडवाचिडवी, ‘नूब’, ‘बॉट’ इथपर्यंत नका करू. आपण नाक्यावर सचिन मोठा की गावसकर मोठा यावरून हेच करायचो. समोरच्याच्या आई-बहिणीवर, जातीवर, धर्मावर गेला की मात्र त्याच दिवशी बसवून बोला. आमच्याकडे तो शब्द आला की त्या दिवसाचं खेळणं बंद, उरलेले पैसे परत नाहीत.

त्यापुढची पायरी धमकीची. लोक म्हणतात कोणी खरंच काही करत नाही. पण ज्याला धमकी येते त्याला ते कसं कळणार? द लास्ट ऑफ अस पार्ट २मध्ये ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, एका कल्पित पात्राने गेममध्ये जे केलं त्यासाठी. मुलाला असं काही आलं तर मेसेज डिलीट करू देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याचा गेममधला आयडी लिहून ठेवा, गेममध्ये रिपोर्ट करा आणि प्रकरण गंभीर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलानेच पाठवली असेल तर तेही पोटात घालू नका.

१२. आपली कंपनीच हरली तर त्या फॅनचं काय होतं?

सेगावाल्यांना विचारा. ड्रीमकास्ट नावाचं मशीन अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ला धूमधडाक्यात आलं, आणि २००१च्या सुरुवातीला सेगाने मशीन बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिकचा नवा गेम आला, निन्टेन्डोच्या गेमबॉय ॲडव्हान्सवर. दहा वर्षं ज्याच्यासाठी मैदानात भांडलो तो समोरच्याच्या घरी राहायला गेला. २००७मध्ये तर मारिओ आणि सॉनिक एकाच गेममध्ये ऑलिम्पिक खेळले.

कंपनी किती सहज पुढे निघून जाते, ते यात दिसतं. फॅन मात्र राहिले. ड्रीमकास्टसाठी हौशी मंडळी आजही नवे गेम बनवतात.

१३. दोन्ही मशीन घेतली तर भांडण मिटेल ना?

माझाही असाच समज होता. प्रश्न ३मधल्या त्या एमआयडीसीवाल्या पोराने गेल्या दिवाळीत बोनसमधून जुना एक्सबॉक्स सिरीज एस घेतला. म्हटलं, चला, एक वकील कमी झाला. मशीनवरून वाद घालणं त्याने खरंच थांबवलं.

आता तो रिमोटवरून घालतो. एक्सबॉक्सच्या रिमोटवर डावी काडी वर असते आणि उजवी खाली, प्लेस्टेशनवर दोन्ही खाली समोरासमोर. दोन काड्या समोरासमोर ठेवणाऱ्याला बोटं नसावीत असं त्याचं नवं मत आहे, आणि परवा एका दहावीच्या पोराला तो स्वतःचा अंगठा दाखवून ते पटवत होता. त्या पोराच्या हातात प्लेस्टेशनचा रिमोट होता. त्याने पॉज केलं नाही, गोल खाल्ला, आणि खापर याच्यावर फोडलं.